आकडे माझ्याकडे, होकार त्यांना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. शाळेसमोरच्या ४०० मीटरच्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटरवरून ३० वर आणावी, हे तुम्हाला एका जाहीर सभेत पटवून द्यायचं होतं. हाताशी दहा मिनिटं होती. तुम्ही चौदा आकडे दिले, सगळे खरे, सगळे तपासलेले. मग विरोधातले एक गृहस्थ उठले. वडिलांना हृदयविकाराचा झटका आला त्या रात्री गाडीत मागे बसून एकेक मिनिट कसं मोजलं, ते त्यांनी सांगितलं. ठराव पडला. आता तुम्ही विचारताय की भावनेपुढे तर्काचं काही चालतच नाही का, पुढच्या सभेत तुम्हीही डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट सांगावी का, आणि मुळात पुरावा किती दिला म्हणजे पुरतो.

वीसेक वर्षं मी माणसांना सभेत उभं राहून बोलायला शिकवते. ही तक्रार मला दर दोन-चार महिन्यांनी ऐकायला मिळते, फक्त विषय बदलतो. एक गोष्ट आधीच कबूल करते: तुमच्या सभेतली माणसं मला माहीत नाहीत. काही ठराव सभेच्या आधीच पडलेले असतात. कुणाचे कुणाशी जुने हिशेब असतात, कुणाला मत मांडणाऱ्याचा चेहराच नको असतो. तिथे भाषणाचा दोष नसतो आणि उपायही भाषणात नसतो. पण तुम्ही जे सविस्तर लिहिलंय त्यावरून मला तरी तर्क भावनेपुढे हरलेला दिसत नाही. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दहा मिनिटं देत होता, असं दिसतं.

तुमचे चौदा आकडे परत बघा. अकरा आकडे एकच गोष्ट सांगतात: वेग वाढला की अपघात वाढतात आणि इजा गंभीर होतात. सभागृहात याबद्दल शंका कुणाला होती? बहुधा एकालाही नाही. तुमचं ऐकताना माणसं माना हलवत होती असं तुम्हीच लिहिलंय. ती मान म्हणजे ‘हो, पण…’ मधला ‘हो’. ‘पण’च्या पुढचं वाक्य त्यांच्या मनातच राहिलं, आणि ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते विरोधातले गृहस्थ.

म्हणून माझ्या वर्गात भाषणाची तयारी कोऱ्या कार्डापासून सुरू होते. वर आपलं म्हणणं एका वाक्यात लिहायचं. खाली ‘हो, पण’ एवढंच लिहून पुढचं वाक्य श्रोत्याच्या तोंडून पूर्ण करायचं. ‘हो, पण आम्हाला उशीर होईल.’ ‘हो, पण पाटी लावली म्हणून कोण पाळतंय?’ ‘हो, पण इथे तर आजवर काही झालं नाही.’ पुरावा या खालच्या ओळीला द्यायचा. वरच्या ओळीला लोकांनी आधीच होकार दिलेला असेल, तर तिथे एक आकडासुद्धा जास्त आहे.

आता त्या गृहस्थांचं बोलणं उलगडून बघू. ती भावनिक गोष्ट होती असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तो नीट बांधलेला युक्तिवाद होता, फक्त त्याचे दोन टप्पे त्यांनी उच्चारले नाहीत. जीव धोक्यात असतो तेव्हा मिनिटं मोलाची असतात, हे उच्चारलं. वेगमर्यादेमुळे मिनिटं जातील, हे अध्याहृत, म्हणजे न बोलता गृहीत धरलेलं. म्हणून वेगमर्यादेने जीव जाऊ शकतो, हेही अध्याहृत. अॅरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावर लिहिताना अशा अर्धवट ठेवलेल्या अनुमानाला फार महत्त्व दिलंय. गाळलेली पायरी श्रोता स्वतः भरतो आणि स्वतः भरलेली पायरी सहसा कुणी तपासत नाही.

ती पायरी तुम्ही तपासली असतीत तर? ४०० मीटर अंतर ताशी ५० च्या वेगाने कापायला साधारण २९ सेकंद लागतात. ताशी ३० ने ४८. फरक १९ सेकंदांचा. सगळ्या सभेला मिनिटं दिसत होती, होते मात्र १९ सेकंद, आणि तेही रस्ता पूर्ण मोकळा असेल तर. रुग्णवाहिकेला वेगमर्यादेतून सूट आहे का हा नियमाचा भाग झाला. असेल तर तेवढंही उरत नाही. तुमच्या चौदा आकड्यांत हा एक नव्हता. मला विचाराल तर तुमच्या बाजूचा सगळ्यात जड पुरावा हाच होता, आणि तो काढायला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

याच्याच जोडीला दुसरी एक ढोबळ चूक असते, ती म्हणजे कशाबद्दल वाद चाललाय हेच न ठरवणं. ‘असं घडतं का’ हा वस्तुस्थितीचा वाद, ‘ते वाईट आहे का, किती वाईट’ हा मूल्याचा, आणि ‘मग काय करावं’ हा कृतीचा. तुमचं भाषण पहिल्या पायरीवर राहिलं, सभा तिसऱ्या पायरीवर बसली होती. कृतीच्या वादात लोकांना वेगळी उत्तरं लागतात: उपाय लागू पडेल का, त्याची झळ कुणाला बसेल, याहून सोपं काही आहे का. मीही यात पोळले आहे. सुरुवातीच्या काळात एका सभेत मी बावीस स्लाइड दाखवल्या, आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, “हे सगळं खरं आहे हो बाई, पण उद्या सकाळी आम्ही करायचं काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेविसावी स्लाइडच नव्हती.

युक्तिवादाची बांधणी समजावताना मी आपल्या न्यायशास्त्राचा, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा, आधार घेते. एरवी जुन्याचं कौतुक करत बसायचा माझा स्वभाव नाही, पण पाच अवयवांचा तो सांगाडा सभेत बोलणाऱ्यासाठी खरंच कामाचा आहे. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. दुसऱ्याला पटवायचं असेल तर पाचही बोलून दाखवायचे. स्वतःपुरतं अनुमान काढताना एवढा पसारा लागत नाही.

बहुतेक भाषणं चौथ्या ठिकाणी, उपनयात, मोडतात. तुम्ही इतर शहरांतले आकडे दिलेत. ते झालं स्वयंपाकघर. ‘तसंच आपल्या रस्त्यावर आहे’ हे कुठेच आलं नाही. ऐकणारा मनात म्हणतो, तिकडचे रस्ते वेगळे, तिकडची माणसं वेगळी. हा उपनय तुम्ही स्वतः मिळवू शकता. रस्त्याच्या कडेला खडूने ५० मीटर अंतरावर दोन खुणा करा. शाळा सुटायच्या वेळी कडेला सुरक्षित जागी उभे राहा आणि फोनमधलं स्टॉपवॉच लावा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत गाडीला ३.६ सेकंद लागले तर तिचा वेग बरोबर ताशी ५०. त्याहून कमी लागले तर वेग जास्त. अर्धा तास मोजा आणि किती गाड्यांपैकी किती ५० च्या वर होत्या ते सांगा. हाताने मोजल्यामुळे थोडी चूक राहणार, तीही सांगा. दूरच्या मोठ्या अहवालापेक्षा हा तुमचा अर्धा तास सभेत जास्त वजनाचा ठरेल, कारण तिथे बसलेला प्रत्येक जण तो रस्ता ओलांडून आलेला आहे.

एक प्रसंग सांगणं हा कच्चा पुरावा आणि आकडे म्हणजे पक्का, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला ते मान्य नाही. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने दोष एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याला दिला. त्या काळी बहुतेकांचा समज दूषित हवेचा होता. पंपाभोवती मृत्यू दाटले होते हे खरं, पण तिथली हवाही सगळ्यांची एकच होती, त्यामुळे तेवढ्याने वाद मिटणारा नव्हता. स्नोच्या हाती लागलं ते हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एका वृद्ध विधवेचं प्रकरण. हॅम्पस्टेड तिथून बरंच दूर आणि तिथे साथ नव्हती. बाईंना ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून त्या ते बाटलीतून मागवून घेत. त्या गेल्या, आणि ते पाणी प्यालेली त्यांची भाचीही गेली. उलट पंपाच्या अगदी जवळच्या अनाथ-गरिबांच्या एका आश्रमात ५३५ माणसं होती आणि त्यातली फक्त पाच दगावली. तिथे स्वतःची विहीर होती. जिथे ते पाणी तिथे रोग, जिथे ते पाणी नाही तिथे जवळजवळ नाही: नैयायिक ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, तेच हे. त्या एका बाईचं उदाहरण भक्कम आहे ते त्यात करुणा आहे म्हणून नव्हे. त्याने हवेचं कारण वगळून टाकलं म्हणून. तेव्हा प्रसंग निवडताना ‘हा किती हृदयद्रावक आहे’ एवढंच विचारू नका. ‘यामुळे कोणता पर्यायी खुलासा बाद होतो’ हे विचारा. काहीच बाद होत नसेल तर तो प्रसंग सजावटीचा आहे.

आणि आकडे पक्के असतात हाही भ्रमच. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल इशारा दिला गेला की रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. आकडा खोटा नव्हता. सात हजार स्त्रियांत एकीला होणारा त्रास सात हजारांत दोघींना होत होता. ‘दुप्पट’ ऐकून घबराट पसरली आणि अनेकींनी गोळ्याच सोडल्या. कुठलीही टक्केवारी बोलायच्या आधी ‘कशाच्या किती’ हे स्वतःला विचारायची सवय लावा. समोरच्याने ते सभेत विचारलं आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, तर बाकीचे तेरा आकडेही संशयित होतात.

बाकी प्रकार भराभर सांगते. उपमेवरून केलेला युक्तिवाद समजावायला उत्तम आणि सिद्ध करायला लंगडा असतो. दोन गोष्टी ज्या बाबतीत सारख्या आहेत तीच बाब वादाची आहे ना, एवढं तपासा. तज्ज्ञाचा हवाला देताना तो याच विषयातला आहे का आणि त्याचा स्वतःचा लाभ कशात आहे, हे श्रोता विचारणारच. कारण-परिणामाच्या युक्तिवादात ‘यानंतर झालं’ आणि ‘यामुळे झालं’ यांची गल्लत सगळेच करतात. तुमच्या बाराव्या आकड्यात तुम्हीही केली आहे. मर्यादा आणल्यावर अपघात कमी झाले, बरोबर; पण त्याच वर्षी तिथे रस्ता रुंद झाला असंही तुम्हीच पुढे म्हणालात. हेत्वाभास, म्हणजे युक्तिवादातल्या फसव्या चुका, दुसऱ्यांचे शोधायला मजा येते, आपले शोधताना कंटाळा येतो.

आता भावनेचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना उपासमारीसाठी मदत मागताना काहींना एका लहान मुलीची माहिती दिली, काहींना लाखो लोकांचे आकडे, आणि काहींना दोन्ही. एकट्या मुलीसाठी सर्वांत जास्त मदत मिळाली. गंमत म्हणजे मुलीसोबत आकडे दिले तेव्हा मदत वाढण्याऐवजी घटली. हे वाचून माझे विद्यार्थी लगेच आकडे टाकून द्यायला निघतात. थांबा. तो प्रयोग खिशातून मदत काढण्याचा होता. एखादा नियम सगळ्यांवर लागू करायचा की नाही, हा वेगळा निर्णय आहे. तिथे ‘हे एकदाच घडलं की नेहमी घडतं’ हे विचारण्याचा लोकांना हक्क आहे. माझा अनुभव असा की प्रसंग आणि आकडा एकमेकांत कालवू नयेत. प्रसंग आधी, पूर्ण, एका श्वासात. मग थोडं थांबायचं. मग आकडा, आणि तो त्याच प्रसंगाचं प्रमाण सांगणारा.

भीती हे फार धारदार हत्यार आहे. भीती दाखवून सुटकेची वाट दाखवली नाही, तर माणसं धोका नाकारतात किंवा तुम्हाला नाकारतात. तुम्ही अपघाताचं छायाचित्र दाखवायचं म्हणताय. नको. ज्याच्या घरी तसं काही घडलंय तो सभेत बसलेला असू शकतो, आणि बाकीचे मान फिरवतील.

वक्त्याच्या विश्वासार्हतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला वाटतं खरी गोम इथेही होती. अॅरिस्टॉटल तिचे तीन घटक सांगतो: समज, सचोटी आणि श्रोत्यांबद्दलचा सद्भाव. तिन्ही त्या भाषणातूनच दिसायला हवेत, असा त्याचा आग्रह आहे. समज तुम्ही दाखवलीत. सद्भाव? तुमच्या भाषणात गाडी चालवणारा प्रत्येक जण बेफिकीर होता, आणि सभेतले निम्मे लोक गाडीनेच आले होते. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरची गोष्ट मी यासाठी नेहमी सांगते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्याने डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये दोन. याहून चांगला आकडा कुणाच्या नशिबी येतो? तरी तो बहुतेक सहकाऱ्यांना पटवू शकला नाही. असं का होतं हे सांगणारी जंतूंची उपपत्ती तेव्हा रुजलेली नव्हती. त्याने सविस्तर ग्रंथ काढला तोही १८६१ मध्ये. आणि त्याच्या म्हणण्याचा सरळ अर्थ ‘तुमच्या हातांनी या बायका मेल्या’ असा होता. पुढे विरोधकांना लिहिलेल्या खुल्या पत्रांत त्याने त्यांना खुनी ठरवलं. तो बरोबर होता. पण ज्यांनी मत बदलायचं, त्यांना मत बदलून अब्रू राखायला जागाच त्याने ठेवली नाही.

ती जागा ठेवायची साधी रीत म्हणजे विरोधी मुद्दा आपणच आधी, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडणं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की जे आधीपासून विरुद्ध मताचे होते त्यांच्यावर दोन्ही बाजू मांडणारं भाषण जास्त परिणाम करतं. जे आधीच बाजूने होते त्यांना एकतर्फी भाषण पुरतं. पण नंतरच्या अभ्यासांतून एक अट स्पष्ट झाली: विरोधी मुद्दा नुसता उल्लेखून सोडला तर फायदा होत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं. ‘काहींचं म्हणणं वेगळं आहे, पण असो’ म्हणणारे वक्ते स्वतःच्या हाताने खड्डा खणतात.

हे सगळं एकत्र केलं तर तुमच्या भाषणाची सुरुवात कशी होईल? तुमची मूळ सुरुवात ‘जगभरात दरवर्षी…’ अशी होती. मी अशी करेन:

“मीही याच रस्त्याने गाडी चालवतो, आणि घाईत असलो की पन्नासने चालवतो. समजा एक चेंडू रस्त्यावर आला आणि मागोमाग एक मूल आलं. ते दिसून ब्रेकवर पाय जायला चांगल्या चालकालाही सेकंदभर लागतो. गाडी तीसच्या वेगात असेल तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण तेरा मीटरवर पूर्ण थांबते. पन्नासच्या वेगात असेल तर त्याच तेरा मीटरवर माझा पाय अजून ब्रेकपर्यंत पोचलेलाही नसतो. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली असती, तिथून मी पूर्ण पन्नासने पुढे जातो. तुम्ही म्हणाल, हे मान्य, पण उशीर होईल त्याचं काय? मी मोजलं. एकोणीस सेकंद.”

तीन आकडे आहेत यात. पहिला अर्धा भाग खरं तर भावनेचा आहे, पण रडू कुठेच नाही. डोळ्यांसमोर चित्र आहे आणि ते चित्रच पुरावा आहे. बोलणारा स्वतःला दोषींच्या रांगेत उभा करतो. ‘पण’ त्याने स्वतःच उच्चारला. यानंतर तुमचं स्टॉपवॉचचं मोजमाप आणा, मग दुसऱ्या शहरातलं एकच उदाहरण, रस्तारुंदीवालं सोडून. ‘पाटी कोण पाळतंय’ याचं उत्तर तयार ठेवा. ते तुमच्याकडे नसेल तर मागणी बदला आणि पाटीऐवजी वेग प्रत्यक्ष कमी करणारी रस्त्याची रचना मागा.

त्या गृहस्थांच्या वडिलांबद्दल मात्र एक शब्दही विरोधात बोलू नका. ‘तुम्ही सांगितलेली ती रात्र मी विसरलो नाही, म्हणूनच सेकंद मोजायला गेलो,’ एवढंच म्हणा, आणि ते खरं असेल तरच म्हणा.

पुरावा किती, याला ठरावीक संख्या नाही. प्रत्येक ‘हो, पण’ला एक उत्तम पुरावा, आणि कुणी उलट विचारलं तर काढायला खिशात आणखी एक. दुबळा पुरावा जोडीला घेतला की समोरचा नेमका तोच पकडतो आणि पुढचा वेळ त्यातच जातो. आकड्यांचा कागद वाटायचा असेल तर बोलून झाल्यावर वाटा. आधी वाटलात तर माणसं खाली मान घालून वाचत बसतील, आणि चेंडू रस्त्यावर येईल तेव्हा तुमच्याकडे कुणाचंच लक्ष नसेल.